रिकामा न्हावी आणि कुडाच्या तुंबड्या

छंद असलेल्या माणसाला ऐकवायला आपल्याकडे म्हणींची कमी नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, लष्कराच्या भाकऱ्या, नसती उठाठेव... आणि एवढं सगळं ऐकवून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, "पण त्यातून मिळतं काय?"

मंडळी, आज त्या प्रश्नाचं जरा मनापासून उत्तर द्यायचं ठरवलंय. माझं मत असं आहे, की मिळतं. आणि नुसतं मनाला समाधान वगैरे नाही, तर पोटापाण्याच्या कामात उपयोगी पडेल असं काहीतरी मिळतं. फक्त अट एक. छंद नीट, नोंदी ठेवून केलेला हवा आणि तो चार लोकांसमोर मांडलेला हवा. ट्रंकेत कुलूप लावून ठेवलेल्या छंदाबद्दल मी बोलत नाहीये.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. आपल्या मुरुडहून ढोकी आणि ढोकीहून तेर. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण जातो, दर्शन घेतो आणि परत येतो. पण हेच तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं हे शहर आहे, आणि तिथलं कापड गाड्यांतून पार भडोचच्या बंदरापर्यंत जायचं असं त्यात लिहिलंय. गावाच्या पांढरीत पाऊस पडून गेला की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर यायच्या. सगळ्या गावाला त्या दिसत होत्या. पण त्या आयुष्यभर वेचून जपून ठेवल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी. ते काही पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हते. आज त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. तिथली हस्तिदंती बाहुली बघायला अभ्यासक लांबून येतात, आणि आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे, हे ज्याचं त्याने मनात मोजावं :)

आता कुणी म्हणेल, नाव झालं ते ठीक, पण धंद्यात काय फायदा? तर त्यासाठी दुसरं उदाहरण, दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला. पेशा गणिताचा. आधी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे, १९४५ पासून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. संख्याशास्त्र त्यांना स्वतःचं स्वतः शिकायचं होतं, आणि त्यासाठी हाताशी खरी मोजमापं हवी होती. मग त्यांनी घेतली नाणी. चांदीची जुनी आहत नाणी, ज्यांच्यावर ठसे मारलेले असतात. तराजू घेऊन एकेक नाणं वजन करायचं, वहीत टिपायचं. अशी हजारो.

बघणाऱ्याला हा कुडाला तुंबड्या लावण्याचाच प्रकार! पण त्यामागचा विचार साधा आणि भारी आहे. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं हलकं होतं. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून काळ जाईल तसा त्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. कोसंबींना दिसलं की खुणा जितक्या जास्त तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे नाणी पारखताना वेळोवेळी त्या मारल्या जात असाव्यात. एका घबाडातली कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची, हे नुसत्या वजनावरून लावता येऊ लागलं. मग ही नाणी पाडली कुणी, हा पुढचा प्रश्न आलाच. त्यासाठी इतिहास, त्यासाठी संस्कृत ग्रंथ, त्यासाठी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि लेणी पायाखाली घालणं... आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं ते गाजलेलं इंग्रजी पुस्तक.

यात गणित सुटलं का? अजिबात नाही. १९४४ च्या सुमारास त्यांनी मांडलेलं एक सूत्र जनुकांमधलं अंतर काढायला आजही 'कोसंबी फंक्शन' या नावाने वापरतात. माणूस एकच. नाणी तोलणारा हात आणि सूत्र मांडणारा हात वेगळा काढता येत नाही.

अर्थात खोटं कशाला बोला, छंदाने नोकरी टिकतेच असं नाही. १९६२ साली त्या संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. म्हणून 'छंद जोपासा आणि बढती मिळवा' असलं काही मी सांगत नाहीये. पण नोकरी गेली तरी त्यांचं काम गेलं नाही, ते त्यांचं स्वतःचं होतं. १९६६ साली ते वारले, आणि इतिहासाचे विद्यार्थी अजून त्यांच्याशी वाद घालतात.

तिसरे मारुती चितमपल्ली. मूळचे सोलापूरचे, नोकरी वनखात्याची. जंगलात बदली झालेला माणूस दिवस मोजत बसू शकतो. यांनी शब्द गोळा केले. आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावं विचारायची, संस्कृत शिकून जुन्या ग्रंथांत ती शोधायची, आणि जिथे मराठी शब्दच नाही तिथे नवा करायचा. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे त्यांचेच. ज्या माणसाला त्या रानातल्या लोकांची भाषा येते तो अधिकारी म्हणून किती वेगळा ठरत असेल! २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

हे सगळं आत्ताच का सुचलं, तर आमच्या घरात सध्या हाच वाद चालू आहे. भाची अकरावीला, लातूरला शिकवणी. लातूर पॅटर्न काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तिची एक वही आहे. सुट्टीत आली की आजीबरोबर बांधावर जाते आणि तणांची नावं लिहून घेते. कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा, हरळी, कुंदा... कुठल्या महिन्यात उगवतं, जनावर खातं की नाही, भाजी होते का, सगळं. घरच्या मोठ्यांनी ठरवलंय की नीट होईपर्यंत ती वही बंद.

मोठ्यांची काळजी मला कळते. आपल्या भागात एका परीक्षेवर अख्ख्या घराची गाडी पुढे जाते, हे काही खोटं नाही. कोरडवाहू शेतीत पुढची पिढी अडकू नये म्हणूनच तर हा आटापिटा. पण मागच्या दिवाळीत त्याच वहीत मी वाचलं : कुर्डूचं बी आणि तांदुळजाचं बी, दोन्ही बारीक, काळं, चकचकीत, सारखंच का? तिला नंतर पुस्तकात सापडलं की दोन्ही एकाच कुळातली आहेत. हा प्रश्न तिला कुठल्या शिकवणीने दिलेला नव्हता. बघणं, टिपणं, तुलना करणं, आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरणं... डॉक्टरला दुसरं काय लागतं हो? पेशंटची कहाणी ऐकून घेणं लागतं, आणि ते ती आजीकडून शिकतेच आहे.

माझं घरातल्या सगळ्यांना एवढंच म्हणणं आहे, की वही बंद करू नका. आठवड्यातून एक तास द्या. आणि तिला सांगा की नुसतं लिहून ठेवू नकोस, कुणाला तरी दाखव. शाळेतल्या बाईंना, कृषी खात्यातल्या माणसाला, गावातल्या म्हाताऱ्यांना. दाखवायचं म्हटलं की माणूस चूक तपासतो, तारीख घालतो, स्वच्छ लिहितो. आणि अनोळखी माणूस आपल्याला आपल्या कामावरून ओळखायला लागतो, मार्कांवरून नाही. पुढे कधी कुठल्या मुलाखतीत 'तुम्ही स्वतःहून काय केलंत?' असं विचारलं, तर तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल. मार्क तर त्या रांगेतल्या सगळ्यांकडेच असणार.

हे फक्त पोरांपुरतं नाही. विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला टिपणारा शेतकरी, पावसाचे मिलिमीटर लिहून ठेवणारा मास्तर, जुन्या मापांची नावं जमवणारा आडत दुकानदार... २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्या गावातल्या विहिरींची वीस वर्षांची वही कुणाकडे असेल, तर ती किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला हवं का?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं की 'त्यातून मिळतं काय', तर वादात पडू नका. वही पुढे करा. आणि हो, तुमच्याकडे अशी वही असेल तर मला बघायला नक्की आवडेल.