मोती काही 'स्माईल प्लीज' ऐकत नाही

"कॅमेरा कोणता घेऊ गं?" असं हॉस्टेलवर कोणी विचारलं की पाच मिनिटांत दहा सल्ले मिळतात आणि दहाही सल्ले मेगापिक्सलपाशी येऊन थांबतात. १२ पेक्षा २० बरा, २० पेक्षा ४८ बरा. वाढदिवसाच्या केकचा फोटो काढायचा असेल तर चालेल हो, केक कुठे पळून जात नाही. पण फोटो कुत्र्याचा काढायचा असेल, आणि तोही धावणाऱ्या कुत्र्याचा, तर माझं स्पष्ट मत आहे की मेगापिक्सल सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा, बटन दाबल्यावर कॅमेरा किती वेळ विचार करत बसतो ते.

हे मत पुस्तक वाचून बनलेलं नाही. ते मोतीमुळे बनलं.

मोती म्हणजे अकोल्याजवळ शेती करणाऱ्या माझ्या मामांचा कुत्रा. वय अकरा, अस्सल गावठी, तांबूस रंगाचा. मामांची मोटरसायकल फाट्यावरून वळली की आवाज ओळखून तो धुऱ्याधुऱ्याने सुसाट निघतो. मागच्या उन्हाळ्यात मामा म्हणाले, "पोरी, तू इंजिनेर होऊन रायली, माह्या मोतीचा पयतानाचा एक फोटू काढून दे वं. त्याचा मागचा पाय आता धरते. पुढच्या साली पयते का नाही, कोन सांगावं?"

मी मोबाईलवर दोन दिवसांत ६२ फोटो काढले. त्यात नांगरलेलं वावर आलं, कडुनिंब आला, एका फोटोत शेपटी आली. मोती काही आला नाही. मामांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "हे तं वावराचे फोटू हायेत वं!"

अमरावतीला परत आल्यावर मी तडक एका दुकानात गेले. "मॅडम, ४८ मेगापिक्सल, १६ एक्स झूम, फक्त सहा हजार." माझ्यासाठी सहा हजार म्हणजे दोन महिन्यांची मेस. पैसे काढण्याआधी सोबतच्या मैत्रिणीला म्हटलं, जरा माझ्यासमोरून भरभर चालत जा. ती समोर आली तेव्हा मी बटन दाबलं. स्क्रीनवर आली तिची पाठ आणि अर्धा दरवाजा! कॅमेरा परत काचेखाली गेला. त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला.

२०२२ च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला, तेव्हा सगळे तासांत बोलत होते. इथे मात्र सेकंदाचे तुकडे मोजावे लागतात. समजा कुत्रा ताशी ३० किलोमीटर वेगाने धावतोय. म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. बटन दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर कुत्रा ४ मीटर पुढे! याला शटर लॅग म्हणतात. यातला बराचसा वेळ फोकस शोधण्यात जातो. माझ्या ६२ फोटोंमध्ये वावर का आलं, याचं उत्तर हे.

दुसरा भाग शटर स्पीडचा. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात कुत्रा १३ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत नुसता तांबूस पट्टा. १/१००० सेकंदाला तोच ८ मिलिमीटर सरकतो. तेवढं डोळ्याला खपतं. पण शटर इतकं कमी वेळ उघडायचं तर आत प्रकाशही तितकाच कमी जाणार. म्हणून मोठा सेन्सर आणि मोठं छिद्र असलेलं लेन्स कामाला येतं. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ चौपट. (नाव एक इंची, पण एक इंच कुठेच नाही. आपल्या व्हायव्हात असं उत्तर दिलं असतं तर?) लेन्सचं म्हणाल तर एफ २.८ हे एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत घेतं. स्वस्त कॅमेऱ्यात झूम ओढला की हे छिद्र बारीक होतं. शिवाय लांब झूममध्ये धावणारा कुत्रा स्क्रीनवर सापडतच नाही. म्हणून १६ एक्सचा मोह नको. त्यातही डिजिटल झूम असेल तर तो झूमच नव्हे, नुसतं चित्र कापून मोठं करणं आहे.

आणि मेगापिक्सल? काही अगदी स्वस्त कॅमेऱ्यांच्या डब्यावर छापलेले ४८ मेगापिक्सल सेन्सरवर नसतातच. थोडे ठिपके खरे, बाकीचे सॉफ्टवेअरने मधल्यामध्ये भरलेले. पाण्यात दूध घालावं तसं!

कोणी म्हणेल, मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? मान्य आहे. भर उन्हात चांगला मोबाईल पुष्कळ काम करतो. पण कमी उजेडात तो एकापाठोपाठ एक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, आणि तेवढ्यात कुत्रा हलला की त्याचं भूत उमटू शकतं. आणि मुख्य म्हणजे अर्धं दाबता येणारं बटन मोबाईलच्या काचेवर नाही. त्याचं महत्त्व मला दिवाळीत कळलं.

दिवाळीला घर आवरताना बाबांच्या कपाटात एक जुना कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस निघाला. २००७ चं मॉडेल, ७.१ मेगापिक्सल, दोन साधे पेन्सिल सेल. आजच्या भाषेत भंगार. पण त्यात शटर स्पीड आपण ठरवू शकतो आणि डोळा लावून बघायची छोटी खिडकी आहे. उन्हात स्क्रीन दिसेनाशी झाली तरी या खिडकीतून कुत्रा दिसतो.

भाऊबीजेला आईसोबत मामांकडे गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं, सोयाबीन निघालेलं वावर मोकळं होतं. मी धुऱ्याजवळ पोटावर झोपले, कारण उभं राहून काढलेल्या फोटोत कुत्र्याची फक्त पाठ येते. झूम अजिबात ओढला नाही. शटर १/१००० ठेवलं. मोती ज्या बाभळीजवळून नेहमी जातो तिच्यावर फोकस घेतला आणि बटन अर्धं दाबून धरलं. फोकस आधीच झालेला, त्यामुळे कॅमेऱ्याला विचार करायला काही उरलंच नाही. मामांनी फाट्यावर गाडीचा हॉर्न दिला. मोती निघाला. बाभळीपाशी येतोय असं वाटताच मी बटन पूर्ण दाबलं.

पहिल्या वेळी त्याचं डोकं कापलं गेलं. दुसऱ्या वेळी उशीर झाला. मग मोती दमला, त्याला पाणी पाजून आम्ही तासभर थांबलो. तिसऱ्या वेळी तो आला. चारही पाय जमिनीच्या वर, कान मागे, जीभ बाहेर.

नंतर वाचलं, १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज नावाच्या माणसाने धावत्या घोड्याचे फोटो असेच काढले होते. कॅमेरे ओळीने आधीच मांडून ठेवलेले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात, हे त्यामुळे सिद्ध झालं. त्यालाही घोड्याच्या मागे धावावं लागलं नाही. घोडा कुठून जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा एकट्याने जाऊ नका. मित्राला समोरून पळायला लावा. बटन अर्धं दाबल्यावर फोकस किती पटकन होतो ते बघा. शटर स्पीड आपल्या हाती आहे का ते विचारा, नसेल तर निदान स्पोर्ट्स मोड तरी हवा. पैसे असतील तर मोठ्या सेन्सरचा घ्या. सोनीचा आरएक्स१०० हा एक इंची सेन्सरचा खिशात मावणारा कॅमेरा २०१२ मध्ये आला, तसा एखादा सेकंडहँड सापडला तर नशीब. पैसे नसतील तर आधी घरची कपाटं उघडा. आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात हा उद्योग फक्त सकाळी करा. पारा ४५ च्या वर जातो, डांबरावर कुत्र्याचे पाय भाजतात.

मामांनी तो फोटो मोठा करून कॅलेंडरच्या बाजूला लावलाय. मोती आता फाट्यापर्यंत येत नाही. गाडीचा आवाज आला की कडुनिंबाखाली पडल्यापडल्या शेपटी हलवतो. तो फोटो ७.१ मेगापिक्सलचा आहे, हे मामांना मी सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.