लेन्स कपाटात नको, मुलांच्या हातात हवी

जुन्या स्मरणिका चाळताना आम्हा माजी विद्यार्थ्यांना एक उणीव जाणवते. व्यासपीठ, हारतुरे आणि पाहुणे यांची छायाचित्रे विपुल आहेत. पण ज्या माळावर आपण परीक्षेचा अभ्यास केला, ज्या कडुनिंबाखाली ताटे घेऊन पंगतीला बसलो, त्यांचे एकही छायाचित्र सापडत नाही. हा दोष इतर कुणाचा नाही. आमच्याही हातातला कॅमेरा नेहमी व्यासपीठाकडेच वळला.

यंदा आम्ही काही जणांनी वर्गणी काढून शाळेच्या कॅमेऱ्यासाठी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स घेतली. ती सोपवण्यापूर्वी नववीच्या मुलामुलींसह पहाटे शाळेमागच्या माळावर गेलो. तारेवर वेडा राघू बसला होता. हा पक्षी हवेतला किडा टिपून बहुधा त्याच जागी परततो, हे मुलांनी थोड्याच वेळात हेरले. मग त्याच्यामागे धावण्याऐवजी त्या रिकाम्या जागेवर फोकस धरून ती थांबली. ३०० मिलिमीटरवर हाताचा लहानसा कंपही चित्र पुसट करतो. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत नेला, कोपरे छातीशी टेकवली आणि श्वास हलकेच सोडत बटण दाबले. रोज सकाळी आनापानसतीला बसणाऱ्या मुलांना श्वासाची ही गोष्ट वेगळी शिकवावी लागली नाही. बरीच छायाचित्रे वाया गेली. अखेर एकात पसरलेले पंख आणि चोचीतला चतुर स्पष्ट उमटला, तेव्हा सगळा माळ दणाणला. राघूही उडून गेला.

आता सूर असा निघतो की, लेन्स महाग आहे, मुले पाडतील, ती कार्यालयाच्या कपाटात असू द्यावी. काळजी रास्त आहे. परंतु दमट, अंधाऱ्या कपाटात पावसाळाभर पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. पडण्याचा धोका गळ्यातल्या पट्ट्याने बराच टळतो. वापराविना होणारी हानी कुलपाने टळत नाही.

आमचा आग्रह केवळ छंदासाठी नाही. आमच्यापैकी अनेकांच्या घरी आजीचे एकही छायाचित्र नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातील धम्मदीक्षेची छायाचित्रे आपण श्रद्धेने पाहतो. पण त्या अथांग जनसमुदायात आपले आजोबा नेमके कुठे, हे सांगता येत नाही. कॅमेरा आपल्या हाती नव्हता. आज तो आहे, आणि तरीही आपण तो कुलपात ठेवणार काय?

एक पथ्य मात्र हवे. लांब पल्ल्याची लेन्स माणसाला त्याच्या नकळत टिपू शकते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची संमती कधी कुणी विचारली नाही, त्या मुलांनी तरी विचारल्याशिवाय कुणावर कॅमेरा रोखू नये. पाखरांच्या घरट्याजवळही जाऊ नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर रविवारी सकाळी लेन्स बाहेर निघावी, नोंदवही दोघा विद्यार्थ्यांकडे असावी, आणि पुढील स्मरणिकेची दहा पाने मुलांच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावीत. त्यांत माळ असेल, राघू असेल, भाकरी थापणाऱ्या मावशीही असतील. त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी.

नमो बुद्धाय, जय भीम.