लिंक पाठवली म्हणजे पोराला वाचायला शिकवलं का?

मंडळी, आपल्या पालघर जिल्ह्यातल्या शाळांचे पालक-ग्रुप उघडून बघा. व्हिडिओची लिंक, एक पीडीएफ, आणि खाली सूचना: "पालकांनी पाल्याकडून सराव करून घ्यावा." आठ-दहा अंगठे येतात आणि पहिली-दुसरीचा त्या दिवसाचा भाषेचा अभ्यास संपतो. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. ही धूळफेक आहे. आणि ती शिक्षक करत नाहीत, "किती जणांनी बघितलं, फोटो पाठवा, माहिती भरा" असं वरून विचारणारी यंत्रणा करते.

ही सवय लागली २०२० मध्ये. शाळांना कुलूप होतं, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. पण आता शाळा उघडून किती वर्षं झाली? कुलूप निघालं, लिंक मात्र तशीच राहिली.

"आता घरोघरी मोबाईल आहे" असं सांगतात. आहे ना. पण तो बापाच्या खिशात असतो, आणि बाप कामावर. दिवाळीनंतर तर अर्धा पाडा वीटभट्टीवर. रात्री मोबाईल हातात येईपर्यंत नेट संपलेलं असतं आणि पोरगं झोपलेलं.

बरं, मोबाईल मिळाला तरी काय होतं? 'अ अननसाचा' लागतं, मूल नाचतं, सगळं घडाघडा म्हणतं. घरचे खूश. मग पाटीवर 'मामा' लिहून दाखवा, तिथे अडतं. कारण ते पाठांतर होतं, वाचन नव्हतं. मराठी वाचायचं म्हणजे अक्षराला काना, वेलांटी, मात्रा लागली की आवाज कसा बदलतो ते कळायला हवं. पुढे रफार, जोडाक्षरं. त्यासाठी मुलाने स्वतः बोट ठेवून वाचायला लागतं, चुकायला लागतं, आणि शेजारी कुणीतरी "परत बघ बरं" म्हणायला लागतं. मूल कुठे अडलं हे व्हिडिओला कळत नाही, तो आपला पुढे जातो. त्यात घरची बोली वारली किंवा कातकरी असेल तर पडद्यावरची मराठी आधी समजायलाच हवी. ती समजावणार कोण?

याच जिल्ह्यात, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम उभं केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्या, गुरांमागे जात असेल तर कुरणात न्या. मुलापर्यंत माणूस जायचा. आज मुलापर्यंत लिंक जाते, आणि तीही बहुतेक वेळा पोचत नाही.

"म्हणजे तुमचा ऑनलाइनलाच विरोध?" अजिबात नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून चालू आहे. तिथे मराठीत, पायरीपायरीने अवघड होत जाणाऱ्या चित्रगोष्टी फुकट आहेत. त्या उतरवून घ्यायची, छापायची, आपल्या बोलीत भाषांतर करायचीही परवानगी आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. हा खजिना आहे. पण तो शिक्षकांनी आणि अंगणवाडीताईंनी वापरून, कागदावर उतरवून मुलांच्या हातात द्यायचा असतो. पालकांच्या ग्रुपवर फेकून मोकळं व्हायचं नसतं.

आकडा ऐका. असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी फक्त २३.४ टक्के निघाली. २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, म्हणजे सुधारणा आहे, ती मान्य. पण अजूनही चारातली तीन मुलं मागे आहेत. आणि 'निपुण भारत'ची २०२६-२७ ची मुदत तोंडावर आली आहे. तिसरीत वाचता आलं नाही तर चौथीपासून गणित, परिसर अभ्यास, सगळंच बंद. असं पोरगं आठवीत शाळा सोडतं तेव्हा आपण म्हणतो, "त्याला आवडच नव्हती."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत, असं लिहिलंय. लिंक हवी असं नाही. त्याच कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात आणि शाळा विकास आराखडा बनवायचं कामही दिलंय. मग नुसत्या सह्या करून चहा पिऊन का उठायचं?

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मागा. पहिली ते तिसरीसाठी छापील गोष्टी, कपाटात नव्हे, मुलांच्या हाताला येतील अशा. रोज अर्धा तास वाचनाचा, त्या वेळात शिक्षकांना एकही माहिती भरायला लावायची नाही. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचं वाचन समितीसमोर नव्हे, शेजारी बसून ऐकायचं.

बैठकीला जा. खाली नुसता अंगठा दाखवून जाऊ नका, तुमच्या शाळेत गोष्टीची किती पुस्तकं मुलांच्या हातात आहेत ते मोजून लिहा.