'24 तास खुली' हा बोर्ड उतरवा

तालुक्याच्या गावात अभ्यासिका टाकणं हा सध्या सगळ्यात सोपा वाटणारा धंदा आहे. हॉल, टेबल-खुर्च्या, वायफाय, आरओचं पाणी आणि बाहेर बोर्ड, '24 तास खुली'. समजा, तुम्ही चोरखमाऱ्याचे आहात, नागझिऱ्याच्या गेटवरचं गाव, आणि तिरोड्यात अशी अभ्यासिका काढताय. माझं मत स्पष्ट आहे. रात्री अकराला कुलूप लावा, आणि झोप न लागणाऱ्या पोरांसाठी गट सुरू करा.

हसू नका. तुमचं गिऱ्हाईक कोण? वनरक्षक, पोलीस भरतीवाला. पहाटे पाचला ग्राउंड. रात्री साडेनऊलाच आडवा होतो, पण बारापर्यंत कूस बदलतो. वैतागून एकला तुमच्याकडे येतो, दुपारी झोपतो, की पुढची रात्रही गेली. काही महिन्यांत तो फी भरणं बंद करतो. तुमचं एक टेबल रिकामं झालं, त्याचं वर्ष गेलं.

यावर सीबीटी नावाचा उपचार आहे, म्हणजे विचार आणि सवयी बदलणं. जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हाच द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सांगितलं. तो चालतो कसा, बघा. आधी आठ-पंधरा दिवस झोपेची डायरी. आपला पोरगा साडेसात तास खाटेवर असतो, झोपतो साडेपाच. मग खाटेवरचा वेळच साडेपाच तास करायचा, रात्री साडेअकरा ते पाच. झोप सलग लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. खाटेवर पुस्तक नाही, मोबाइल नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसायचं. (जंगलाकाठी घर असेल तर घरातच बसा, अंगणात नको.) आणि 'आज झोपलो नाही तर भरती गेली' हा विचार तपासायचा. गटाचा खरा फायदा इथे होतो. तेच वाक्य शेजारच्याच्या तोंडून ऐकलं की त्याचा धाक कमी होतो.

आता हिशोब. समजा, तज्ज्ञ एका सत्राचे 3000 रुपये घेतो. एकट्याला परवडणार नाही. आठ जणांत 375 पडतात, सहा सत्रांचे 2250. हॉल दुपारी रिकामाच असतो, त्याचं भाडं लावू नका.

पण स्वतः 'स्लीप कोच' बनू नका, इथे मी अजिबात ऐकणार नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच हवा. फिट येणाऱ्याला किंवा बायपोलर आजार असलेल्याला झोप कमी करणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून गटात कोणाला घ्यायचं हे तोच ठरवेल. पहिले दोन-तीन आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा चोरखमारा-तिरोडा बाइकने ये-जा नको. कुणी जगण्यालाच कंटाळल्याचं बोललं तर गटाची वाट बघू नका, टेली मानसचा 14416 लगेच लावून द्या.

आणखी एक, डायऱ्या तुमच्या काउंटरवर ठेवायच्या नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय. कोण गटात बसतं हे फीच्या वहीतसुद्धा वेगळं लिहू नका, तालुक्याच्या गावात वही सगळेच वाचतात.