युद्धात बुडालेल्या कोकणी खलाशांचे स्मारक कोठे?

मुंबई-गोवा महामार्गावरून माणगावला वळून म्हसळामार्गे श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडे जाता येते. या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तालुक्यातल्याच पळसगावचा हा तरुण १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीकडून लढताना मारला गेला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेथून पुढे घाट उतरून बोर्ली पंचतनला पोहोचले की दुसऱ्या महायुद्धाची एक वेगळी बाजू सुरू होते. या बाजूला ना पुतळा आहे, ना पदक. दिवेआगरला जाणाऱ्या पर्यटकांना बोर्ली पंचतन ठाऊक असते ते समुद्राआधीची बाजारपेठ म्हणून. परंतु बोर्ली, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सारा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या 'बोटीवर' असलेल्या माणसांचा आहे. घरातला कर्ता पुरुष वर्षातले आठ-दहा महिने समुद्रावर असणे ही येथे नवलाईची गोष्ट नाही.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'लस्कर' म्हटले जाई. १९१४ साली त्यांची संख्या ५० हजारांच्या पुढे होती, म्हणजे ब्रिटिश व्यापारी नौकांवरील दर सहा माणसांमागे साधारण एक. पहिल्या महायुद्धात त्यांतील सुमारे ३,४०० आणि दुसऱ्यात सुमारे ६,६०० जण मृत्युमुखी पडले, असे या विषयाच्या अभ्यासकांचे आकडे सांगतात. हे लोक सैनिक नव्हते. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, हातात बंदूक नव्हती. त्यांच्या नोकरीचा करार सरकारशी नसून जहाज कंपनीशी होता. परंतु ब्रिटनला धान्य, तेल, कापूस, दारूगोळा आणि खुद्द सैनिकही याच जहाजांतून पोहोचत असल्याने जर्मन पाणबुड्यांचे पहिले लक्ष्य हीच जहाजे होती.

कोळशाचे मरण

जहाजावरील कामाची विभागणी त्या काळी गावांवरून आणि प्रांतांवरून ठरलेली असे. मुंबईत भरती होणाऱ्यांपैकी डेकवरचे सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी बहुतांशी कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरचे; खानपान सेवेतले गोव्याचे; आणि इंजिनखोलीतले आगवाले व कोळसेवाले पंजाब व वायव्येकडच्या डोंगराळ मुलखातले. कलकत्त्याच्या जहाजांवर आगवाल्यांची जागा सिल्हेटच्या माणसांनी घेतलेली होती.

वाफेच्या जहाजावर सर्वांत हलाखीचे काम या आगवाल्यांचे. जहाजाच्या पोटातील कोठारातून कोळसा ओढून आणायचा, तो भट्टीत फावड्याने टाकायचा, निखारे खरवडून राख वर पाठवायची. पाणतीर लागला की पाणी सर्वप्रथम शिरे ते याच भागात, आणि वर येण्यासाठी असे ती एक अरुंद लोखंडी शिडी. खाणीत कोसळलेल्या छताखाली मरणारा कामगार आणि भट्टीखोलीत बुडणारा आगवाला यांच्या मरणात फारसा फरक नाही. एकाने खणलेला कोळसा दुसरा जाळीत होता, इतकेच. युद्धकाळात कोळशाची निकड एवढी वाढली की हिंदुस्थान सरकारने १९४३ साली स्त्रियांना खाणीत भूगर्भात उतरवण्यावरील बंदी उठवली. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या निर्णयावर देशात आणि ब्रिटिश संसदेतही बरीच टीका झाली. १९४६च्या फेब्रुवारीत ती बंदी पुन्हा लागू झाली. झरिया आणि राणीगंजच्या खाणींत युद्धाच्या त्या वर्षांत दगावलेल्या मजुरांना युद्धातील मृत मानण्याचा प्रश्न आपल्याकडे कधी उपस्थितच झाला नाही.

ब्रिटनमध्ये तो झाला, पण तेथेही पन्नास वर्षे उशिराने. डिसेंबर १९४३पासून सुमारे ४८ हजार तरुणांना, त्यांतील अनेकांना चिठ्ठ्या टाकून, सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत पाठवण्यात आले. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. युद्ध संपल्यावर त्यांना ना पदक मिळाले, ना जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क. गणवेश नसल्याने रस्त्यात पळपुटे म्हणून त्यांची हेटाळणी झाली ती वेगळीच. १९९५ साली राणीच्या भाषणात त्यांचा उल्लेख झाला, १९९८मध्ये स्मृतिदिनाच्या संचलनात स्थान मिळाले आणि २०१३ साली मध्य इंग्लंडमधील राष्ट्रीय स्मृतिवनात स्मारकशिला उभी राहिली. हे आपोआप घडले नाही. त्यांची एक संघटना होती आणि तिने पिच्छा पुरवला.

मशीद बंदरची नोंदवही

कोकणी खलाशांचे स्मारक अजिबातच नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईत मशीद बंदर स्थानकाच्या पूर्वेस इंडियन सेलर्स होम ही वास्तू आहे. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक याच वास्तूत आहे. दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक तर चक्क एक ग्रंथ आहे. रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी नौदलाचे सहा हजारांहून अधिक मृत यांची नावे बांधीव नोंदवहीत लिहिलेली असून तिची एक प्रत मुंबईत, तर तशीच दुसरी बांगलादेशातील चटगावला आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग तिची व्यवस्था पाहतो.

मुंबईत दररोज लाखो लोक मशीद बंदर स्थानकावरून जातात. त्यांतील किती जणांना या वास्तूची माहिती असेल? लोखंड, मसाले आणि सुक्या मेव्याच्या घाऊक बाजाराच्या गजबजाटात ती हरवून गेली आहे. ज्या खलाशांची मुले-नातवंडे या शहरात आणि कोकणात आहेत, त्यांच्यासाठी हे स्मारक बंद पुस्तकासारखे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत तर शब्दशः.

कलकत्त्याने हे अधिक उघडपणे केले. हुगळीच्या काठी, प्रिन्सेप घाटाजवळ, बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांसाठी १९२४ साली सुमारे शंभर फूट उंचीचा मनोरा उभारला गेला. तोही पुढे दुर्लक्षित झाला होता. १९९०च्या दशकात नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन तो दुरुस्त केला. लंडनमध्ये टॉवर हिलला ब्रिटिश व्यापारी नौदलाचे भव्य स्मारक आहे. त्यावर पहिल्या महायुद्धातील सुमारे १२ हजार आणि दुसऱ्यातील सुमारे २४ हजार नावे ब्राँझमध्ये कोरलेली आहेत. त्याच जहाजांवर, त्याच पाणतीराने मेलेल्या लस्करांची नावे तेथे नाहीत. ती मुंबई आणि चटगावच्या खात्यात टाकली गेली. एकाच बोटीच्या मृतांची अशी वाटणी झाली ती कातडीच्या रंगावरून नव्हे, तर कराराच्या प्रकारावरून, असा युक्तिवाद करता येईल. मात्र तो करारच रंगावरून ठरत असे, हेही लक्षात घेतले पाहिजे. 'एशियाटिक' करारावरील खलाशाचे वेतन गोऱ्या खलाशाच्या तृतीयांशापासून पंचमांशापर्यंत असे. १९३९च्या शरद ऋतूत, युद्ध पेटताच, हिंदी खलाशांनी ब्रिटिश आणि वसाहतींच्या बंदरांत वेतनवाढ व युद्धभत्त्यासाठी काम बंद पाडले. अनेकांना तुरुंगात टाकण्यात आले. तरीही कंपन्यांना काही प्रमाणात वेतन वाढवावे लागले. बिचारे, निमूटपणे मेले, असे चित्र रंगवणे म्हणूनच बरोबर नाही. आपल्या जिवाची किंमत त्यांना नीट कळत होती.

आठवण कोणाची राहते?

सप्टेंबर १९४० मध्ये अटलांटिकमध्ये बुडालेले 'सिटी ऑफ बनारस' जगाला ठाऊक आहे ते त्यावरील ७७ मुलांच्या मृत्यूमुळे. बॉम्बहल्ल्यांपासून दूर, कॅनडात नेल्या जाणाऱ्या या मुलांवर पुस्तके निघाली, माहितीपट झाले. त्याच रात्री जहाजावरील सुमारे शंभर हिंदी खलाशीही गेले. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले 'तिलावा' तीन दिवसांनी जपानी पाणबुडीने बुडवले आणि २८० जणांचा बळी गेला. त्याची आठवण ऐंशी वर्षांनी, २०२२ साली मुंबईत समारंभपूर्वक जागवली गेली, ती प्रामुख्याने प्रवाशांच्या वंशजांच्या प्रयत्नाने.

१४ एप्रिल १९४४च्या मुंबई गोदीतील स्फोटाचे उदाहरण याहून बोलके आहे. दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटांत शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले आणि १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मृतीचा आहे. त्या दिवशी गोदीत पाठीवर माल वाहणाऱ्या हमालांचा आणि बोटींवरील खलाशांचा सप्ताह कोणी पाळत नाही.

याचे कारण शौर्याच्या तुलनेत शोधण्यात अर्थ नाही. अग्निशमन दल आजही आहे, मराठा रेजिमेंट आजही आहे. त्यांना आपल्या मृतांची नावे जपण्यात स्वतःचा अभिमान दिसतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले आणि 'अपशिंगे मिलिटरी' हे नाव अभिमानाने मिरवले, कारण तेथून सैन्यात जाण्याची परंपरा अखंड राहिली. खलाशांना वारस संस्था उरली नाही. ज्या ब्रिटिश कंपन्यांसाठी ते मेले, त्या विकल्या गेल्या किंवा नामशेष झाल्या. स्वतंत्र भारताला साम्राज्याच्या जहाजांवर मेलेल्यांशी नाते सांगण्याची घाई नव्हती. देशात ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो, तो १९१९ साली सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले म्हणून. महायुद्ध संपून तेव्हा पाचच महिने झाले होते. परंतु त्या दिवसाच्या भाषणांत कंपनीच्या स्वदेशी बाण्याचे जेवढे कौतुक होते, तेवढी बुडालेल्यांची आठवण निघत नाही.

बोर्ली पंचतनसारख्या गावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. माणूस संस्थानचा प्रजाजन, भरतीची नोंद मुंबई बंदरात, जहाज लंडन किंवा ग्लासगोच्या कंपनीचे आणि मृत्यू अटलांटिकमध्ये. एकाच माणसाचे कागद असे चार ठिकाणी विखुरले. त्यात नावाची पद्धत निराळी. गावात '-कर' लावून ओळखला जाणारा माणूस जहाजाच्या हजेरीपटावर फक्त स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने चढे, तेही इंग्रज कारकुनाला ऐकू आले त्या स्पेलिंगमध्ये. एकाच नावाचे अनेक खलाशी यादीत आढळतात आणि कोणता कोणाचा आजा, हे घरातील कागदाशी ताडून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. ते कागद तरी किती दिवस राहणार? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील घरांची छपरे उडवली. कौलारू घराच्या पेटीतील ऐंशी वर्षांपूर्वीचे पत्र अशा पावसात टिकले असेल तर ते नशीबच.

नवी संधी

गेल्या काही वर्षांत मात्र परिस्थिती थोडी बदलली आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतील लोकांची, नावानिशी दखलच घेतली गेली नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. हिंदी मृतांचा उल्लेख असमान वागणूक मिळालेल्यांत होता. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये केपटाऊनमध्ये १,७७२ कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी मजुरांचे स्मारक खुले झाले. त्यांच्याही हातात बंदूक नव्हती. ते सामान वाहणारे आणि रस्ते बांधणारे होते. प्रत्येकासाठी लाकडाचा एक खांब आणि त्यावर एकाचेच नाव, अशी त्याची रचना आहे.

आपल्याकडे आक्षेप येईल तो ठरलेला: इंग्रजांच्या युद्धात मेलेल्यांची स्मारके आपण कशासाठी बांधायची? हा आक्षेप गांभीर्याने घेण्याजोगा आहे. पण मग माणगावचा पुतळा आणि दिल्लीचे इंडिया गेट यांनाही तोच नियम लागू होईल, आणि तसे कोणी म्हणत नाही. शिवाय खलाशी बोटीवर गेला तो बादशहाच्या निष्ठेपोटी नव्हे, तर खारपाड जमिनीत पोट भरत नाही म्हणून. आजही तो त्याच कारणाने जातो. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून पेटलेल्या 'मार्लिन लुआंडा' तेलवाहू जहाजावर २२ भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमच्या जवानांनी आग आटोक्यात आणायला मदत केली आणि सुदैवाने सारे वाचले. जहाजावरचा ध्वज परका, कंपनी परकी आणि युद्धही परकेच होते.

नवा मनोरा उभारण्याची येथे गरज नाही. मशीद बंदरची वास्तू राज्याच्या पर्यटन नकाशावर आणणे आणि तेथील नावे मराठी व उर्दूत वाचता येतील अशी करणे, हे नौवहन महासंचालनालय आणि राज्य शासनाच्या आवाक्यातले काम आहे. आयोगाची यादी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. अवघड भाग आहे तो त्यातील नावे गावांशी जोडण्याचा, आणि तो मुंबईत बसून होणार नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांतील ग्रामपंचायती, जमाती आणि शाळांनी घरोघरी जाऊन जुनी सीडीसी पुस्तके, कंपनीची पत्रे आणि भरपाईच्या पावत्या यांच्या नकला उतरवून घेतल्या तरच ते शक्य आहे. १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला खलाशी आज शंभरीच्या उंबरठ्यावर असेल. त्यांची मुलेही आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि वडिलांचे बोटीवरचे नाव नेमके काय होते, हे ठाऊक असलेली ती शेवटचीच माणसे आहेत.