लसीच्या दिवसापुरती सज्जता

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि पुढील काही आठवडे शाळाशाळांतून एकच दृश्य दिसू लागले. एका वर्गात परिचारिका लस टोचीत होती, लस घेतलेली मुले अर्धा तास शेजारी बसवून ठेवली जात होती आणि टेबलावर एक लहानशी पेटी होती. लसीची जीवघेणी ॲलर्जी अतिशय क्वचित उद्भवते. तरीही त्या एखाद्या मुलासाठी पेटीत ॲड्रिनॅलिनची कुपी, सिरिंज आणि वयानुसार मात्रेचा तक्ता ठेवलेला होता. मोहीम संपली, पथक परतले आणि पेटीही त्याच्याबरोबर गेली. शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, मधमाशी वा गांधीलमाशीचा दंश ही अशा प्रतिक्रियेची नेहमीची कारणे मात्र वर्षभर शाळेच्या आसपासच राहिली.

आपल्याकडे ज्याला ‘वावडे’ म्हणतात, त्याचे हे उग्र रूप. फ्रान्समधील पोर्टिए आणि रिशे या शास्त्रज्ञांनी १९०२ साली त्याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. रिशे यांना या संशोधनाबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की त्याच १९०२ मध्ये न्यूयॉर्क शहरात लीना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांवर प्रयोगादाखल नेमणूक झाली. आजारी मुलांना घरी हाकलण्याऐवजी त्यांच्यावर उपचार केले तर गैरहजेरी घटते, हे तिने अल्पावधीत दाखवून दिले आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या. रोगाला नाव आणि शाळेला परिचारिका एकाच वर्षी मिळाली; दोहोंची सांगड घालण्यास मात्र पुढे कित्येक दशके लागली.

ही सांगड अत्यावश्यक आहे, कारण येथे वैरी आहे तो वेळ. अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वासाला घरघर लागते, उलटी होते, रक्तदाब कोसळतो. हे सारे काही मिनिटांत घडू शकते. ॲलर्जीची नेहमीची गोळी अंगाची खाज थांबवील; बंद होऊ लागलेली श्वासनलिका ती उघडू शकत नाही. ते काम मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनच करते. त्यानंतरही रुग्णालय गाठावेच लागते, कारण लक्षणे काही तासांनी उलटू शकतात. मुलाला उभे करून कार्यालयापर्यंत चालवीत नेणे, ही सद्हेतूने होणारी चूकदेखील घातक ठरू शकते. श्वास घेता येत असेल तर त्याला आडवे निजवून पाय उंचावर ठेवावेत आणि औषध मुलाकडे आणावे, मुलाला औषधाकडे नेऊ नये, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे?

ज्या देशात शालेय परिचारिकेची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे, तेथेही हा प्रश्न सहज सुटला नाही. २०१२ च्या जानेवारीत व्हर्जिनिया राज्यातील एका सात वर्षांच्या मुलीचा शाळेत शेंगदाण्याच्या ॲलर्जीने मृत्यू झाला. तिच्यासाठीचे औषध शाळेत नव्हते. एका मुलाच्या नावे लिहून दिलेले औषध दुसऱ्याला द्यावे कसे, हा पेच तेथील शाळांपुढे वर्षानुवर्षे होता. त्याच वर्षी व्हर्जिनियाने शाळांना कोणाच्याही नावाचा नसलेला साठा ठेवणे बंधनकारक केले. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनेही कायदा करून, असा साठा, प्रशिक्षित कर्मचारी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण या तिन्हींची तरतूद करणाऱ्या राज्यांना अनुदानात अग्रक्रम दिला. शाळांतील तीव्र प्रतिक्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्यांना अन्नाची ॲलर्जी असल्याचे पूर्वी ठाऊकच नव्हते अशा मुलांमध्ये आढळतो, हे तेथील आरोग्य यंत्रणेने नमूद केले आहे. म्हणजेच केवळ ‘ज्ञात’ रुग्णांची यादी करून भागत नाही.

दुसरा धडा बाजाराचा आहे. तयार मात्रेचे ‘एपिपेन’ हे साधन २००७ साली मायलन कंपनीच्या हाती आले, तेव्हा दोन पेनांची किंमत सुमारे १०० डॉलर होती. २०१६ मध्ये ती ६०० डॉलरवर गेली. आतील औषध जुनेच आणि स्वस्त होते. महागला होता तो आईबापांचा नाइलाज. ज्या वस्तूविना मूल दगावते, तिची मागणी किमतीबरोबर घटत नाही, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र मक्तेदाराला तोंडपाठ असते. म्हणूनच अशा वस्तूची खरेदी एकेका पालकावर सोपवून चालत नाही; ती शासनाने सर्वांच्या वतीने घाऊक करावयाची असते.

ज्या शाळांची छपरे गळतात, तेथे परिचारिकेची चैन कशी परवडणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच चुकीचा नाही. पण ॲड्रिनॅलिनची साधी कुपी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि तिची किंमत नगण्य आहे. उणीव औषधाची नाही. ते देणाऱ्या जाणत्या हाताची आणि त्या हाताला असलेल्या अधिकाराची आहे. हा अधिकार देणे अशक्य नाही. नियमित लसीकरणात ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे दिसताच ॲड्रिनॅलिनची पहिली मात्रा देण्याची मुभा आरोग्य खात्याने गावच्या परिचारिकेला दिलेलीच आहे.

प्रत्येक शाळेला एक परिचारिका आज शक्य नसेल, तर प्रत्येक केंद्रातील शाळांसाठी एक नेमता येईल. मिनिटांच्या हिशेबात ती दरवेळी पोहोचणार नाही, हे उघड आहे. म्हणून तिचे पहिले काम प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षक तयार करणे, पेटीतील औषधाची मुदत तपासणे आणि ॲलर्जी असलेल्या मुलांची नोंद ठेवणे हे असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत जातात. त्या तपासणीच्या वेळीच पालकांना वावड्यांविषयी विचारता येईल. मुदत संपून कुपी न वापरताच टाकावी लागली, तर तो अपव्यय नव्हे. आग लागली नाही म्हणून अग्निशामक बंबाचा खर्च कोणी वाया गेला म्हणत नाही.

मात्र शिक्षकाच्या हाती सिरिंज देण्यापूर्वी त्याच्या पाठीशी नियम उभा राहिला पाहिजे. मोटार-अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे कवच मिळाले. ते रस्त्यापुरते आहे, वर्गापर्यंत पोहोचत नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब या कामांच्या भारात आणखी एक जबाबदारी शिक्षकाच्या माथी मारावयाची आणि काही विपरीत घडले की त्यालाच चौकशीपुढे उभे करावयाचे, हा न्याय नव्हे. आधी संरक्षण, मग प्रशिक्षण आणि मगच अपेक्षा, हा क्रम शासनाने पाळावा.

लसीच्या दिवशी शाळेत जे शक्य होते, ते एरवी अशक्य ठरण्याचे कारण नाही. जी पेटी पथकाबरोबर परत जाते, ती शाळेतच राहावी आणि ती उघडण्याचा अधिकार असलेली दोन माणसे शाळेत असावीत, एवढीच ही मागणी आहे.