फुलपाखरू उद्यान आणि कुरतडलेली पाने

आपल्या तालुक्याच्या गावातील सेवा क्लबने विद्यालयामागील मोकळ्या जागेत फुलपाखरू उद्यान उभारण्याचा प्रस्ताव मांडला आहे. वसतिगृहातील मुलांची नेत्रतपासणी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, वह्यांचे वाटप, रक्तदान शिबिरे ही या क्लबची कामे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना परिचित आहेत. नव्या प्रस्तावाचेही आम्ही स्वागत करतो. मात्र तो जसाच्या तसा स्वीकारावा, असे आम्हांस वाटत नाही.

सेवा क्लब म्हणजे हार, भोजन आणि छायाचित्रे, अशी थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अन्यायकारक आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचे व्रत घेतले, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात त्या चिकाटीचा वाटा मोठा होता. १९२५ साली हेलन केलर यांनी आवाहन केले आणि लायन्स क्लबांनी अंधांची सेवा आपली मानली. आज खेडोपाडी भरणारी त्यांची नेत्रशिबिरे त्याच परंपरेतली. अडचण निष्ठेची नाही, कालगणनेची आहे. या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्षही त्याबरोबर बदलतो. जुलैच्या पावसात लावलेले रोप एप्रिल-मेच्या उन्हात पाणी मागते, तेव्हा जुने अध्यक्ष समारोपाच्या अहवालात गुंतलेले असतात आणि नवे शपथविधीच्या तयारीत. किती वृक्षारोपणे या दोन महिन्यांत वाळून गेली, याचा हिशेब कोणत्याच अहवालात सापडत नाही.

दुसरी गोष्ट वनस्पतींच्या निवडीची. प्रस्तावासोबतच्या यादीत बहुतेक सारी शोभेची फुलझाडे आहेत. फुलांतला मध फुलपाखराला हवा असतो हे खरे. पण त्याची संतती फुलांवर वाढत नाही. मादी ठरावीक वनस्पतीच्याच पानांवर अंडी घालते आणि अळी तीच पाने खाऊन वाढते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेला नीलवंत लिंबूवर्गीय झाडांवर वाढतो. (राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.) बिबळ्या कडव्याला रुई लागते, तिच्या चिकातले विष अळीच्या अंगात साठते आणि पक्षी पुढे त्या फुलपाखराच्या वाटेस जात नाहीत. हळदीकुंकू नावाचे देखणे फुलपाखरू चक्क बांडगुळावर वाढते. कढीपत्ता, एरंड, बहावा, सापसंद ही सारी कोणाची ना कोणाची पाळणाघरे आहेत. यांतली निम्मी झाडे आपण ‘परिसर स्वच्छता’ म्हणून उपटतो. उलट घाणेरीवर फुलपाखरे घिरट्या घालतात म्हणून कोणी ती लावण्यास सुचवील. रानेच्या राने गिळणारे ते परदेशी झुडूप विद्यालयाच्या आवारात नको.

म्हणजे चांगल्या फुलपाखरू उद्यानात पाने कुरतडलेलीच दिसणार. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असे वाटावे, आणि निरखून पाहता ती अळी निघावी, असे ते उद्यान असेल. ते उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभणार नाही. पानांना भोके पडली म्हणून कोणी फवारणी केली, तर सारेच संपले.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. पावसाळ्यात भ्रमण करताना कोवळे गवत आणि लहान जीव पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा भगवान बुद्धांनी भिक्खूंना वर्षावासाचा नियम घालून दिला. सह्याद्रीत अळ्यांची आणि फुलपाखरांची सर्वाधिक लगबगही याच महिन्यांत असते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर जीवजंतू असलेला भुसा जाळण्यासही मनाई आहे. आवारातला पालापाचोळा दर हिवाळ्यात पेटवून देताना या लेखाची आठवण आपल्याला होत नाही.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वह्या घेताना आमची मुले रांगेत उभी राहतात, हात पुढे करतात आणि छायाचित्र निघते. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो, याबद्दल शंका नाही. पण बाबासाहेबांच्या स्वाभिमानाच्या शिकवणीत वाढणाऱ्या मुलांना घेणाऱ्याच्या जागी किती वेळा उभे करावे, याचा विचार संस्थेने करायचा आहे. या उद्यानात ती रांग मोडता येईल. रानात वाढलेल्या आमच्या मुलांना रुई, टाकळा, एरंड ओळखायला शिकवावे लागत नाही. क्लबच्या शहरी सदस्यांना ते ज्ञान मुलांनीच द्यावे.

म्हणून आम्ही संस्थेस सुचवतो, की पुढील तीन अध्यक्षांच्या कारकिर्दीतील उन्हाळ्यांत पाण्याची तजवीज करण्याचे लेखी वचन क्लबकडून घ्यावे, रोपांची यादी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी, आणि फलकावर देणगीदारांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत त्या वर्षी निगा राखणाऱ्या तुकडीचे नाव असावे. सुट्टीत मुले घरी जातात, तेव्हा गावातील माजी विद्यार्थ्यांनी पाळी लावून पाणी घालावे. उद्यान होईल तेव्हा होईल. कुंपणालगतची रुई येत्या श्रमदानात कोणी उपटू नये, असे वसतिगृह प्रमुखांना आम्ही आधीच सांगून ठेवले आहे.